इंज्युरी रिपोर्ट अवेटेड

गुडघा गेला २०११ च्या फेब्रुवारीत आणि त्याचे पैसे, म्हणजे डिसॅबिलिटी पेन्शन, चालू झाले २०२४ च्या जानेवारीत. आमच्या भागात घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळं वर्षाला दोन-चार जण तरी पेन्शन येतात आणि आले की कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडं येतात, प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं म्हणजे दोन चहा आणि एक तास जातो, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. शुद्धलेखनाचं बघू नका, २२ वर्षं हिंदीत बोललोय.

भरती १९९७ ची, इन्फंट्री, गाव सातारा जिल्ह्यात. पलटणीचं नाव घेत नाही, पलटणीवर माझा राग नाही आणि ज्या दोघा-तिघांवर होता ते पण आता पेन्शन आलेत, लग्नाकार्यात भेटतात, जेवायला शेजारी बसतात.

तर कुपवाडा साईडला आम्ही वर पोस्टवर होतो. पहाटेची पेट्रोलिंग, बर्फ मांडीपर्यंत, पाठीवर पिट्टू. एका नाल्यात उतरताना डावा पाय धरला गेला आणि उजवा बर्फाखाली दगड होता त्यावरून सुटला, मी बसलो खाली पण गुडघा बसला नाही, तो बाहेरच्या बाजूला फिरला. सुकी फांदी मोडल्यावर येतो तसा आवाज आला, मला वाटलं खरंच फांदी मोडली. दुखलं नंतर. मागचा म्हणाला, उठ रे, आणि मी उठलो पण आणि पोस्टपर्यंत दोन तास चालत आलो, ते आता डॉक्टरला सांगितलं तर खोटं वाटतं. नर्सिंग असिस्टंटनं क्रेप बँडेज बांधलं, ब्रुफेन दिली. रस्ता बंद होता आणि गुडघ्यासाठी कुणी हेलिकॉप्टर पाठवत नाही, ते बरोबरच आहे म्हणा. १९ दिवस तसाच लंगडत पोस्टवर राहिलो, संत्री ड्युटी बसून केली. रस्ता खुलल्यावर खाली एमआय रूम म्हणजे पलटणीचा दवाखाना, तिथून हॉस्पिटल, एमआरआय, लिगामेंट तुटलेलं, ऑपरेशन.

आता इथं मुद्दा आहे. ड्युटीवर जखम झाली की आयएएफवाय-२००६ नावाचा फॉर्म भरायचा असतो, त्यालाच इंज्युरी रिपोर्ट म्हणतात (माझा पोरगा त्याला २००६ सालचा फॉर्म समजत होता). कधी, कुठं, काय करताना लागलं, साक्षीदार कोण, आणि सीओची, म्हणजे कमांडिंग ऑफिसरची, सही की हो, हा माणूस ड्युटीवर होता. एवढंच. एका पानाचं काम. हॉस्पिटलमधून मी कंपनी क्लार्कला फोन केला तर तो म्हणाला, हो जाएगा, तू ठीक होके आ. मी ठीक होऊन आलो तोवर पलटण पीस स्टेशनला, म्हणजे शांत भागातल्या छावणीला, निघायच्या तयारीत, पेट्या बांधायला घेतलेल्या, नवा क्लार्क, आणि मी पण विचारलं नाही. का विचारलं नाही हे आता सगळे विचारतात. अहो, फौजेत सिक रिपोर्ट करणारा म्हणजे चुकार, असं आपल्याच डोक्यात बसलेलं असतं, त्यात परत माझ्या जखमेचा कागद कुठाय म्हणून विचारत फिरायचं म्हणजे पैशासाठी करतोय असं वाटणार. मला तेव्हा वाटलं पाय आहे ना जाग्यावर, मग कशाला. आमच्याच बॅचच्या एकाचा पाय माइनवर घोट्यापासून गेला, पुण्याच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरला त्याला पाय बसवला, त्याच्यापुढं माझा गुडघा काय घेऊन बसायचं. त्याची केस बॅटल कॅज्युअल्टी म्हणजे लढाईतली जखम, त्याला वॉर इंज्युरीचं मिळतं, तो दर वेगळा आणि जास्त असतो, आणि तो असायलाच पाहिजे.

ऑपरेशननंतर मी लो मेडिकल कॅटेगरीत गेलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, फौजेत माणूस धडधाकट म्हणजे शेप वन, त्यात एस म्हणजे मन, एच कान, ए हातपाय, पी बाकी शरीर आणि ई डोळे. माझा ए गेला. आधी टेम्पररी, मग परमनंट. स्टोअरला ड्युटी लागली, रूट मार्च बंद, उंचीवर जाणं बंद. २०१९ ला नाईक म्हणून २२ वर्षं झाली, पुढं दोन वर्षांचं एक्स्टेन्शन असतं ते कॅटेगरीमुळं मिळालं नाही. ३१ ऑगस्टला घरी.

घरी यायच्या आधी रिलीज मेडिकल बोर्ड होतो आणि सगळा खेळ तिथं असतो, पण ते आपल्याला तेव्हा कळत नाही, आपलं डोकं सामान बांधण्यात आणि घराच्या स्लॅबमध्ये. सोळा नंबरचा फॉर्म असतो, एएफएमएसएफ-१६. त्यात एक भाग आपण स्वतः भरायचा, तुमच्या मते नोकरीतल्या कुठल्या घटनेमुळं हा त्रास झाला किंवा वाढला ते लिहा असा रकाना आहे त्यात. आम्ही त्या दिवशी नऊ जण होतो आणि नऊच्या नऊ जणांच्या त्या रकान्यात एकाच पेनानं, एकाच अक्षरात ‘निल’ लिहिलेलं होतं. खाली सही माझी. वाचली नाही. २२ वर्षं जिथं बोट दाखवलं तिथं सही केली, त्या दिवशी तरी वेगळं कसं करणार.

मग आत. डॉक्टर तरुण होते, माझ्या भाच्याच्या वयाचे. चड्डीवर उभं केलं, टेपनं दोन्ही मांड्यांचा घेर मोजला (उजवी दोन सेंटिमीटर बारीक निघाली), गुडघ्याला तो कोन मोजायचा प्लॅस्टिकचा पट्टा लावला. म्हणाले, उकिडवे बैठो. आणि मी बसलो! घरी मला खाली बसून जेवता येत नाही, भारतीय संडास जमत नाही म्हणून कमोड बसवला, आणि तिथं साहेबासमोर दात खाऊन पूर्ण उकिडवा बसलो आणि उठून सावधान उभा राहिलो. दर्द है? नहीं साहब, ठीक है. ही आपली सवय. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, अहो तिथं कुणाला दाखवायचं होतं? तरी त्या डॉक्टरनं २० टक्के लिहिले, फॉर लाइफ, त्याचे उपकारच. कारण २० च्या खाली एक टक्का जरी आला तर आमच्यासारख्या मुदत संपवून घरी येणाऱ्याला काहीच मिळत नाही.

पण २० टक्क्यांच्या पुढच्या रकान्यात लिहिलं ‘नाना’.

इंग्रजीतला लांबलचक शब्द आहे, नायदर ॲट्रिब्युटेबल नॉर ॲग्रव्हेटेड, त्याची चार अक्षरं घेऊन सगळे नाना म्हणतात. अर्थ असा की हे दुखणं नोकरीमुळं झालं नाही आणि नोकरीमुळं वाढलंही नाही. कारण काय, तर इंज्युरी रिपोर्ट उपलब्ध नाही. नोव्हेंबरात रेकॉर्ड ऑफिसचं पत्र आलं, डिसॅबिलिटी पेन्शनचा क्लेम रिजेक्ट, सहा महिन्यांत पहिलं अपील करू शकता. आमच्या घरी चुलत्यांना नाना म्हणतात, ते शेजारीच बसलेले. ते म्हणाले काय लिहिलंय रे, मी म्हणालो तुमचंच नाव लिहिलंय. हसले, पण मला त्या रात्री झोप नाही आली. पैशाचं नंतर. गुडघा घरातून घेऊन गेलो होतो असं लिहिल्यासारखं वाटलं ते.

पैशाचा हिशोब पण सांगतो, सगळ्यात आधी तेच विचारतात. साधी पेन्शन म्हणजे सर्व्हिस पेन्शन ती तर मिळतच होती, हा त्याच्यावरचा डिसॅबिलिटी एलिमेंट. अपंगत्व १०० टक्के असेल तर शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, आणि कमी असेल तर त्या प्रमाणात. पगार म्हणजे बेसिक अधिक मिलिटरी सर्व्हिस पे, माझं ३४,९०० आणि ५,२०० मिळून ४०,१००. त्याचे ३० टक्के १२,०३०, आणि २० टक्के अपंगत्वाला त्यातले २,४०६. पण ब्रॉड बँडिंग नावाचा प्रकार आहे, ५० च्या आत असाल तर ५० धरायचे, ५० ते ७५ असेल तर ७५, त्याच्या पुढं १००. हे आधी फक्त बोर्डआउट होऊन मधेच घरी पाठवलेल्यांना देत होते, १० डिसेंबर २०१४ ला सुप्रीम कोर्टानं राम अवतारच्या केसमध्ये सांगितलं की मुदत पूर्ण करून आलेल्यांना पण द्या. म्हणजे माझे २० चे ५० होणार आणि २,४०६ चे ६,०१५, वर महागाई भत्ता. हे सगळं मला तालुक्याला येणाऱ्या कल्याण संघटकानं कागदाच्या मागच्या बाजूला लिहून दाखवलं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा माणूस, स्वतः माजी सैनिक. त्यानं दोन गोष्टी सांगितल्या, एक म्हणजे रडत बसू नको आणि दुसरी म्हणजे आरटीआय टाक. १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून रेकॉर्ड ऑफिसला अर्ज, माझ्या सगळ्या मेडिकल बोर्डांच्या आणि हॉस्पिटलच्या केस शीटच्या प्रती द्या.

पाकीट आलं ते जाड होतं. झेरॉक्सची झेरॉक्स, काही पानं निम्मी काळी. रात्री जेवण झाल्यावर मी आणि थोरला पोरगा ट्यूबखाली बसलो, तो वाचतोय मी ऐकतोय. हॉस्पिटलच्या पहिल्या पानावर लिहिलेलं, अलेज्ड टू हॅव ट्विस्टेड राइट नी व्हाइल ऑन पेट्रोल, म्हणजे पेट्रोलिंगवर असताना उजवा गुडघा मुरगळल्याचं सांगतो. पोरगा म्हणाला पप्पा, अलेज्ड म्हणजे कथित, तुम्ही म्हणताय म्हणून. माझं डोकं फिरलं. (वकील नंतर हसला, म्हणाला अहो डॉक्टर लोक सगळ्यांनाच अलेज्ड लिहितात, ट्रकखाली आलेल्याला पण, उलट बघा, पेट्रोल लिहिलंय ना, झालं.) आणि मग सापडला तो कागद. २०११ चा पहिला कॅटेगरीचा बोर्ड. त्यात नोकरीमुळं झालं का या प्रश्नाला चक्क ‘येस’ लिहिलेलं आणि पुढं बारीक अक्षरात, इंज्युरी रिपोर्ट अवेटेड. म्हणजे २०११ च्या बोर्डानं मान्य केलं होतं, फक्त कागद यायचा आहे असं लिहून ठेवलं होतं, आणि तो आठ वर्षं येतच होता, आणि २०१९ च्या बोर्डानं बघितलं की आला नाही आणि नाना करून टाकलं. पोरानं त्या दोन शब्दांवर पिवळं हायलायटर मारलं, मी म्हणालो अरे हे जोडायचं आहे अपिलाला, तो म्हणाला दुसरी झेरॉक्स काढू.

पहिलं अपील फेब्रुवारी २०२० ला पाठवलं, मार्चमध्ये लॉकडाऊन. अकरा महिन्यांनी उत्तर आलं, जखम ड्युटीशी संबंधित असल्याचा पुरावा नाही, अपील फेटाळलं. पिवळ्या शब्दांबद्दल एक अक्षर नाही. मग दुसरं अपील. त्याच्या आधी म्हटलं साक्षीदार गाठावेत. पेट्रोलमधले दोघं फोनवर लगेच हो म्हणाले, एक चाकणला कंपनीत सिक्युरिटीला आहे. पण पेट्रोल कमांडर पाहिजे होते, ते तेव्हा हवालदार, सुभेदार होऊन पेन्शन आलेले, गाव चंदगड तालुक्यात. फोन लागत नव्हता, एसटीनं गेलो, कोल्हापूरला गाडी बदलून, उतरून पुढं चालत. काजूच्या बागेत होते. मला लंगडत येताना लांबनं बघून उभे राहिले आणि नाव नाही, गाव नाही, म्हणाले, नाल्यावाला ना तू?

जेवायला वाढलं, नाचणीची भाकरी. सगळं सांगितलं. बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, रिपोर्ट मी भरायला पाहिजे होता. मी म्हणालो, साहेब तुमचं काम नव्हतं ते, क्लार्कचं होतं. ते म्हणाले, पेट्रोल माझी होती, परत आल्यावर मी वरती सांगितलं ‘ऑल ओके’. एवढंच बोलले आणि उठून बागेत गेले, मी आपला बाहेर पायरीवर बसलो. दुसऱ्या दिवशी चंदगडला जाऊन १०० च्या स्टॅम्प पेपरवर नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र केलं, तारीख, पोस्ट, नाला, किती जण होतो, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. माझ्या अंगावर त्या दिवशी कुठला पिट्टू होता ते पण. नोटरीचे पैसे मला देऊ दिले नाहीत, येताना दोन किलो काजू पिशवीत घातले.

दुसऱ्या अपिलाला उत्तरच आलं नाही. सहा महिने उत्तर नाही आलं की सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडं जाता येतं, २००७ च्या कायद्यानं केलेलं आहे ते, फौजींच्या केसेससाठीच, महाराष्ट्रासाठी मुंबईला बेंच आहे. नोव्हेंबर २०२१ ला केस टाकली. वकील माजी अधिकारी, २५,००० ठरले, दोन हप्त्यांत. इथं एक सांगून ठेवतो, उशीर करू नका, कारण उशिरा गेलात आणि जिंकलात तरी मागची बाकी साधारण केस टाकल्याच्या आधीची तीन वर्षंच देतात. आमच्याच आळीतले एक काका १५ वर्षांनी गेले, बारा वर्षांचं पाणी सोडावं लागलं.

तारखेला महालक्ष्मीनं जायचो, रात्री कराडला बसायचं, सकाळी सीएसएमटी, तिथंच तोंड धुवायचं, वडापाव खायचा. प्रत्येक तारखेला मी जायची गरज नाही असं वकील म्हणायचे, पण मला घरी बसवायचं नाही. बेंचवर दोघं असतात, एक न्यायाधीश आणि एक फौजेतले मोठे अधिकारी राहिलेले. माझ्या केसच्या दिवशी सरकारी वकील म्हणाले इंज्युरी रिपोर्ट नाही. आमच्या वकिलांनी २०१३ चा धरमवीर सिंगचा निकाल दाखवला, भरतीच्या वेळी माणूस ठणठणीत होता आणि तेव्हा काही नोंद नाही तर नंतरचं दुखणं नोकरीतलं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारवर येते, असा तो निकाल. पण माझ्या मते त्यानं नाही झालं. ते फौजेतले साहेब २०११ चा कागद बघत होते, त्यांनी विचारलं, हे अवेटेड म्हणजे कुणी कुणाची वाट बघायची होती, जवानानं की युनिटनं? सरकारी वकील म्हणाले इन्स्ट्रक्शन घेऊन सांगतो. सात-आठ मिनिटांचं काम, माझा नंबर येईपर्यंत चार तास बसलो होतो.

मार्च २०२३ ला ऑर्डर झाली. गुडघा ॲट्रिब्युटेबल, २० चे ५० धरा, रिटायरमेंटच्या दुसऱ्या दिवसापासून द्या, चार महिन्यांत द्या नाहीतर ८ टक्के व्याज. चार महिन्यांत आलं नाही ते सांगायला नकोच. मी दर पंधरा दिवसांनी स्पर्श हे पेन्शनचं पोर्टल उघडून बघायचो, पासवर्ड दोनदा लॉक झाला. शेवटी प्रयागराजच्या पेन्शन ऑफिसवरून नवीन पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश निघाला आणि जानेवारीत सकाळी मी गोठ्यात असताना बँकेचा मेसेज आला, एरिअर्स चार लाखांच्या आत-बाहेर. आता दर महिन्याच्या स्लिपमध्ये डिसॅबिलिटी एलिमेंट अशी वेगळी ओळ येते. नानांना दाखवली, ते म्हणाले चला माझं नाव निघालं एकदाचं.

जे आता पेन्शन येतायत त्यांनी लक्षात घ्या, २१ सप्टेंबर २०२३ पासून नियम बदललेत, इम्पेअरमेंट रिलीफ असा नवीन शब्द आलाय, तर माझ्या केसवरून जसंच्या तसं धरू नका, चालू नियम विचारूनच अपील लिहा. पण सोळा नंबरच्या फॉर्मवर ‘निल’ लिहू देऊ नका आणि उकिडवं बसता येत नसेल तर बसू नका. परवा शेजारचा पोरगा सुट्टी आलाय, पलटणीच्या व्हॉलीबॉल मॅचमध्ये मनगट मोडलंय, प्लॅस्टर. पलटणीनं ठेवलेली मॅच पण ड्युटीत धरतात, बऱ्याच जणांना हे माहीत नसतं. मी विचारलं रिपोर्ट भरला का, तर म्हणतो, नाही ओ तात्या, किरकोळ आहे. त्याच्या बापाला सांगितलंय.

माझं तरी अजून संपलंय कुठं. नवीन पीपीओवर बायकोच्या नावाचं स्पेलिंग एका आयनं आहे आणि आधारवर दोन ईनं, पुढं फॅमिली पेन्शनला घोळ होईल म्हणून ते दुरुस्त करायचंय. सीएससीवाल्यानं (ऑनलाइन सरकारी कामं करून देणारं केंद्र) सोमवारी बोलावलंय, दोघांचे फोटो आणि डिस्चार्ज बुक घेऊन. बायको म्हणते मी येत नाही, तुमच्या त्या ऑफिसांत माझा पण गुडघा जाईल.